मागच्या दारचा डेक

३ मार्च
नकाशा परत! बांधकाम खात्याच्या खिडकीतल्या बाईंनी लाल पेनाने वर्तुळ काढले. कुंपणापासूनचे अंतर कमी भरते म्हणे. एवढ्याशा डेकसाठी! मागच्या दाराबाहेर उंबऱ्याच्या पातळीला लाकडी फळ्या टाकायच्या, म्हणजे यांची चाकांची खुर्ची पायऱ्यांना न अडता बाहेर येईल. पाय गेल्यापासून माणसाने अंगावर ऊन घेतलेले नाही.

संध्याकाळी सुताराने टेप लावून पाहिला. चूक माझीच. जन्मभर ब्लाउज बेतले, तशीच इथेही चारही बाजूंनी शिलाईची माया सोडून बसले होते. सुतार म्हणाला, "ताई, डेक काय नंतर उसवून सैल करायचाय?" हसू आले, रागही आला.

यांना विचारले, कठडा कसा हवा? "तू म्हणशील तसं." आजारपणापासून हे एकच वाक्य. आमटीत मीठ कमी पडले तर जेवण होईस्तोवर वाद घालणारा माणूस! मला हे सहन होत नाही.

५ मार्च
नवा नकाशा दिला. माया न सोडता.

११ मार्च
साहेब जागेवर नाहीत. शिपाई म्हणाला, उद्या या. म्हटले, उद्याही येईन. समोरच्या बाकावर बसून दोन ब्लाउजांची हुकं लावून टाकली.

१२ मार्च
साहेब भेटले — आणि नवेच लचांड! कोणीतरी फोनवरून हरकत घेतली आहे. नाव दिले नाही, नुसता नंबर. पाहणीला येतील तेव्हा त्या माणसाशी बोलतील.

नाव कशाला हवे? शेजारचा दुर्बीण! सारा दिवस खिडकीत. कुंपणाशी गाठून चांगले फैलावर घेतले. "वहिनी, शप्पथ, मी कशाला करू?" म्हणे. साळसूद! ह्याच्या नाकावर टिच्चून डेक बांधणार.

यांना सगळे सांगितले. हे खुर्ची वळवून आतल्या खोलीत गेले.

१९ मार्च
साहेब आले. मापे घेतली, चोख निघाली. मग हरकत घेणाऱ्याचा नंबर लावला. मी मुद्दाम कमरेवर हात ठेवून दुर्बिणीच्या खिडकीकडे बघत उभी.

फोन आमच्या आतल्या खोलीत वाजला.

साहेबांनी खिशात मोबाइल टाकला. घरातल्याच माणसाची हरकत मला ग्राह्य धरता येत नाही, तुमचं तुम्ही मिटवा, म्हणाले आणि गेले. मी तडक आत गेले. अंगाचा तिळपापड झाला होता.

"मला बाहेर मांडून ठेवू नकोस," हे म्हणाले. "अख्खी गल्ली कुंपणावरून बघत बसेल."

बघेना का, म्हटले.

"तुला बोलायला काय जातं? खुर्चीत मी आहे!"

आवाज चढला यांचा. मीही सोडले नाही. डेकवरून निघालेली गोष्ट सासरमाहेरापर्यंत गेली. जेवताना हे म्हणाले, आमटी अळणी झाली आहे. मी मान खाली घालून जेवले. डोळे भरून आले होते, ते यांना दाखवायचे नव्हते.

२४ मार्च
दुर्बिणीची माफी मागून आले. परवानगीही मिळाली. सुतार फळ्या घेऊन दारात हजर. यांना उंच कठडा हवा, मला मोकळे ऊन. सुताराला म्हटले, थांबा जरा, आमचे भांडण चालू आहे.