मिटलेले दावे

१२ जानेवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. माझी तब्येत बरी आहे. दुकान रोज उघडतो. परवा एकाचा चष्मा दुसऱ्याला दिला, आणि दोघंही बिनतक्रार घालून गेले. तुझी आई असती तर आठवडाभर हसत बसली असती.

आता मुद्द्याचं. आई दातांच्या डॉक्टरांकडे गेली, लिफ्टचं दार उघडलं आणि आत लिफ्टच नव्हती, याला वर्ष होत आलं. त्या लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीचा वकील काल दुकानात आला होता. माणूस गोड बोलणारा. त्याचं म्हणणं, आपण दावा मागे घ्यावा, भरपाई ते लगेच देतील. फक्त झाल्या प्रकाराबद्दल कुठे अवाक्षर काढायचं नाही, आणि चूक कुणाची हे कागदावर येणार नाही. वारस म्हणून तुझी नि माझी, दोघांची सही लागेल. मला त्यांचे पैसे नकोत गं. कुणीतरी चारचौघांत उभं राहून आपली चूक कबूल करावी, एवढंच हवंय. पण कायद्याचं अर्थशास्त्र तू शिकवतेस. तू सांगशील तसं करतो.

जेवणाची हेळसांड करू नकोस. लोभ ठेव, असं बापाने लेकीला लिहायचं नसतं, तरी लिहितो.

तुझे,
बाबा


२० जानेवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, सही करा. हे मी अभ्यासक म्हणून लिहितेय. मुलगी म्हणून लिहायला बसले की रडूच येतं.

आमच्या विषयात एखाद्या कायद्यामुळे माणसं कशी वागतात आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे बघतात. लिफ्टच्या अपघातांचे कितीतरी दावे मी तपासलेत. खटला वर्षानुवर्षं रखडतो, वकिलांची धन होते, आणि घरच्यांच्या पदरात तडजोडीपेक्षा कमीच पडतं. तडजोड झाली की वाद मिटतो, दोन्ही बाजूंचा खर्च वाचतो. माझा निबंध हेच सांगतो, आणि त्याच्याच जोरावर माझी नोकरी कायम व्हायची आहे. या वयात तुम्ही कोर्टाच्या बाकावर झुरत बसलेले मला बघवणार नाहीत.

रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची,
ठकी


२ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

सही केली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे माझे वडील फुकट सांगायचे. त्यासाठी तुला एवढी जाडजूड पुस्तकं वाचावी लागली, याची मौज वाटली. वकील कागद तुझ्याकडे टपालाने धाडेल. तुझी सही झाली की दावा मिटला.

खरं सांगू? सही करताना हात उचलेना. आपणच काही गुन्हा केल्यासारखं तोंड मिटून बसायचं. पण तुझ्या शब्दाबाहेर मी नाही. एक मनात आलं म्हणून विचारतो, तू तपासलेल्या दाव्यांत ही कंपनी कुठे होती का गं?

थंडी आहे, कानाला बांधत जा. आठवण असू दे.

तुझे,
बाबा


११ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

होती. एकदा नाही, तीनदा.

आमच्याकडे तक्ता करताना पक्षकारांची नावं काढून टाकतात, अभ्यासकाचं मन कुणाकडे झुकू नये म्हणून. त्यामुळे मला कधी दिसलंच नाही. तुमचं पत्र आल्यावर मूळ कागद काढले. तिन्ही वेळा दाराचं तेच कुलूप, लिफ्ट नसतानाही उघडणारं. तिन्ही घरांनी सह्या केल्या आणि गप्प बसली. त्यांना मी दोष देत नाही, त्यांनाही माझ्यासारखं कुणीतरी शहाणं भेटलं असेल. सगळी कुलपं बदलण्यापेक्षा एकेका घराचं तोंड बंद करणं कंपनीला स्वस्त पडलं. आणि मी त्या तिघांपुढे ‘मिटला’ असा शेरा मारून मोकळी झाले. दोन्ही बाजूंचा खर्च वाचतो म्हणे! त्यानंतर तशाच दारापाशी जाऊन उभी राहिली ती आपली आई, बाबा, आणि ती माझ्या हिशेबात कुठेच नव्हती.

मी सही करणार नाही. निबंध मागे घेतलाय, नोकरीचं व्हायचं ते होवो. पण दावा तुमचाही आहे, आणि हेलपाटे तुम्हालाच घालावे लागतील. माझ्याच शब्दावर केलेली सही आता मोडा म्हणताना मान वर होत नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी पुन्हा विषय काढणार नाही.

पूर्वीसारखीच समजून घ्या.

तुमची,
ठकी


३ एप्रिल

चि. ठकूस,
अ. उ. आ.

सही मोडून आलो, हे तुला तारेसारखं चार शब्दांत कळवलं होतंच. आज तारीख होती, म्हणून सविस्तर लिहितो.

घडलं काहीच नाही. कंपनीच्या वकिलाने मुदत मागितली, न्यायाधीशांनी दिली. असं किती दिवस चालेल देव जाणे. माझे गुडघे आजच कुरकुरताहेत. तू मान खाली घालू नकोस. चुकलं ते कळल्यावर सांगितलंस, कंपनीला तेवढंही जमलेलं नाही.

मुदत मिळण्याआधी शिपायाने दाराशी येऊन पुकारा केला. तुझ्या आईचं नाव, दाव्यावर आहे तसं आडनावासकट, सबंध व्हरांड्याला ऐकू जाईल असं. घरात वर्षभर ते नाव कुणी मोठ्याने घेतलेलं नाही. मी समोरच बसलो होतो, पण हजर म्हणालो नाही. त्याने पुन्हा एकदा पुकारावं म्हणून गप्प राहिलो.

पुढच्या तारखेला तू ये. वाट बघतो.

तुझे,
बाबा