कोऱ्या कागदावर माझा अंगठा

चि. ठकूस,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. तुला एक थोरली बहीण आहे, हे आधीच सांगून टाकते. कपाळावर चढवलेला चष्मा घरभर शोधणारी तू, तुझ्या ते लक्षात असेलच असं नाही. कंबर कशी आहे? यजमान अजून पेपर वाचता वाचता घोरतात का? माझं उत्तम चाललंय, गुडघे सोडून.

पत्र नात लिहितेय. पोरगी कॉलेजात फ्रेंच शिकते आणि घरी येऊन आमच्यावर शिंपडते. माझ्या खोलीला रंग द्यायचं निघालं, तेव्हा तिचा बाप ऐटीत रंगाऱ्याला म्हणाला, "तुम्हाला कार्त ब्लांश!" रंगारी बिचारा शिडीवरून उतरूनच आला. मग नातीने समजावलं. शब्द मूळ फ्रेंच, इंग्रजांनी जसाच्या तसा उचललेला. अर्थ, कोरा कागद. पूर्वी लढाईत हरलेला म्हणे कोऱ्या कागदाच्या तळाशी नुसती सही करून द्यायचा, वर अटी काय त्या जिंकणाऱ्याने लिहायच्या. आता अर्थ एवढाच उरलाय, की हवं ते कर, मी मध्ये बोलणार नाही.

ठकू, मी हरखलेच गं! जन्मभर सगळे मला बजावत आले, आधी वाचून घ्या, मग अंगठा उठवा. आणि तिकडे भलेभले सेनापती न वाचता सह्या ठोकत होते, कारण वाचायला काही नव्हतंच! म्हणजे ही रीत माझ्यासाठीच निघालेली. मी कोरे कागद मागवले, शाई मागवली आणि अंगठे उठवून घरभर वाटले. (मी नको म्हणत होते. — नात) (तू गुमान लिही.)

रंगाऱ्याने लिहिलं, भिंतींना मागच्या कामातला उरलेला रंग. आता मी अंड्याच्या बलकात राहते. सूनबाईने लिहिलं, सासूबाई माझ्या पातेल्यांवरची झाकणं उचलून बघणार नाहीत. (किती गरीब गाय वाटायची!) लेकाने लिहिलं, आई कानातलं यंत्र घालेल. घातलं. काय सांगू तुला, हे सगळे माझ्याबद्दल काय काय बोलतात! पण काढायची सोय नाही, अंगठा माझाच. नातीने तिचा कागद नुसताच घडी घालून ठेवलाय. मला तिचीच जास्त धास्ती वाटते.

शेवटचा कागद सोबत तुला पाठवतेय. तुझ्या केकला मी चारचौघांत आतून कच्चा म्हटलं, तेव्हापासून तू बोलणंच टाकलंस. यंत्र घातल्यापासून मला अख्ख्या गल्लीचं ऐकू येतं, तुझंच तेवढं येत नाही. तर मी हरले, असं समज. वर हवं ते लिही. केक उत्तम होता, असंसुद्धा लिही. मी हूं की चूं करणार नाही. (आजी मुसमुसतेय. — नात) (खोटं आहे. खोकला झालाय.)

तुझी,
ताई

ता. क. अटींमध्ये इकडे राहायला येण्याची अट मात्र पाहिजेच. (मग तो कोरा कागद कसला, आजी! — नात) भिंती बघून हसायला तरी ये.

आणखी एक. यायला वेळ लागणार असेल तर आधी केक पाठव. तोच. फक्त या खेपेला ओव्हनमधून घाईने काढू नकोस.