बिनबोर्डाची मीटिंग आणि माझा नारळ

मु. पावणे,
होळीनंतरचा बुधवार, १९९६

फुंडे गावचे थोर नाचे, माझे एकुलते एक आणि तरीही पुरे झालेले बंधू चि. देवजी यांस,

थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. (पोटभर म्हणजे जेवणाने.) होळीला मिठागराच्या बांधावरून पडलास, ती कंबर कशी आहे? बांध तरी बरा आहे ना? इकडे सगळे खुशाल. तुझे भावोजी दर मंगळवारी टाळ घेऊन भजनाला जातात. माझ्या मंगळवारच्या उपासांनी त्यांची दारू कशी सुटली, हे तू इतक्यांदा ऐकलं आहेस की आता पुन्हा सांगत नाही. (पण एकवीरा आई बघते हो!)

मुद्द्यावर येते. तुझी मनस्वी परवा माझ्याकडे येऊन ढसाढसा रडली. पाडवा झाला की तिची हळद. म्हणाली, "आत्या, बाबा हळदीला शुद्धीत नसले ना, तर मी पाटावरच बसनार नाय." पोरगी तुझ्यावरच गेली आहे, एकदा बोलली की बोलली. मी आमच्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, वाशीत दर मंगळवारी संध्याकाळी दारू सोडणारी माणसं एकत्र बसतात, फी नाही, औषध नाही, सुई नाही. हे ऐकून मला इतका आनंद झाला की पत्ता विचारायचाच राहिला आणि काल मी नारळ घेऊन निघालेसुद्धा. देवजी, नारळ घेऊन निघालेलं माणूस कधी चुकतं का?

चुकतं. वाशीतल्या सगळ्या बिल्डिंगा एकाच आईच्या. एका हॉलमध्ये आरडाओरडा ऐकू आला, एकाने खुर्ची उचललेली, दुसरा त्याचा बाप काढतोय. मी म्हटलं, सापडले! आत गेले, सगळ्यांच्या डोक्यावरून हात फिरवायला सुरुवात केली आणि म्हटलं, "सुटंल बाबांनो, सगल्यांची सुटंल." ती निघाली सोसायटीची पाण्याच्या टाकीवरची मीटिंग. त्यांतला एकही प्यायलेला नव्हता. न पिता माणसं एवढी भांडू शकतात हे मला नवीनच होतं. (तू निदान पिऊन तरी भांडतोस.)

बाहेर येऊन रिक्षावाल्याला सांगितलं, दारूवाल्यांच्या मीटिंगला सोड. त्याने मला थेट परमिट रूमच्या दारात उतरवलं. लाज वाटली, पण आता आलेच आहे म्हणून गल्ल्यावरच्या माणसालाच विचारलं. तो म्हणाला, "मौसी, वो लोग सामने स्कूल में बैठता है. मेरा सब पुराना गिराईक उधरच गया." बिचाऱ्याने गल्ला सोडून मला रस्ता ओलांडून दिला. त्याचंही भलं होवो, पण फार नको.

शाळेच्या दारावर बोर्ड नाही. आपण बारशाचासुद्धा बॅनर लावणारी माणसं, मला ते बघवेना. आत मोठमोठे बाप्ये पहिलीच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. एकेक जण उठून नुसतं नाव सांगतो. आडनाव नाही, गाव नाही. आता आपल्यात असं चालतं का? एक म्हणाला, "मी शाहिद." मी विचारलं, "कोनाचा रं तू?" तो म्हणाला, "नुसता शाहिद." मी सोडते होय! मोरा बंदराचा निघाला, त्याच्या आजोबांनी आपल्या बाबांना होडी दिली होती. पुढच्याची मावशी आमच्या जावेची विहीण. दहा मिनिटांत मी निम्मा वर्ग नात्यात आणला. इथे कोणी कोणाला ओळखायचं नसतं, असं मला हात जोडून सांगण्यात आलं. म्हटलं, मग सुटणार कशी?

शेवटच्या बाकावर एक गृहस्थ चहाच्या किटलीत तोंड घालून बसले होते. पण त्या टाळूला मी वीस वर्षं तेल घातलं आहे. आणि बाकावर टाळ.

ते उठले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी सिताराम. मी दारुडा हाय. मंगलवारी बायको माझ्यासाठी उपाशी बसते. मंग आपन पन कुठंतरी बसावं, म्हनून मी हितं बसतो." देवजी, मला हसूही आलं आणि रडूही आलं, दोन्ही पदरात एकदमच कोंबलं. घरी येताना रिक्षात त्यांनी टाळ माझ्या मांडीवर ठेवले होते.

तुझी,
शेवंताताई

ता. क. भावोजींचं कोणाला सांगू नकोस. इथलं इथंच, असा तिथला नियम आहे आणि मी तो कडक पाळते. फक्त तुला सांगितलं. आणि शेजारच्या सुमित्राबाईंना.

ता. क. नारळ त्यांनी मला फोडू दिला नाही. नवीन माणूस आला की फोडू म्हणाले. कपाटात खडूंच्या डब्यामागे ठेवला आहे.

ता. क. पाकिटावर तिकीट नाही हे बघितलंस ना? पत्र मनस्वीच्या हाती दिलं आहे आणि मंगळवारी दुपारीच दे असं बजावलं आहे. म्हणजे आज. ती समोर उभी असेल, चप्पल न काढता. लगेच मान वर करू नकोस, आधी डोळे पूस. मग शर्ट बदल आणि तिच्याबरोबर वाशीच्या शाळेत ये. तुझे भावोजी बाकावर सरकून बसले आहेत.