डावीकडे वळणारी वेटोळी

उप्साला, ८ फेब्रुवारी १९२२

प्रिय आल्फहिल्ड,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. इकडे बर्फ गुडघाभर साचलंय आणि माझा खोकला आहे तसाच आहे. तुझ्या यालमारचं गुडघ्यांचं दुखणं वाढलंय हे वाचून वाईट वाटलं.

रविवारी मंडळात माझ्या चित्रांवर बोलायचंय, म्हणून चिन्हांचे अर्थ कळव म्हणतेस. पंधरा वर्षं तू ती चित्रं लोकांना समजावतेस आणि मला विचारायचं आत्ता सुचलं! असो, कळवते.

जांभळा म्हणजे स्त्री, पिवळा म्हणजे पुरुष. एवढं तू बरोबर सांगतेस. पण प्रत्येक चित्रात त्या दोघांमध्ये डावीकडे वळणारं एक वेटोळं घुसलंय. त्याला तू 'अंतर्मुख होणारा आत्मा' म्हणतेस. गेल्या वर्षी ते ऐकून दोन बायकांनी डोळे पुसले. मी कॉफी ढवळत बसले होते.

आत्म्यांना बोलावायच्या आपल्या शुक्रवारच्या बैठका आठव. पेन्सिल एक, तिच्यावर हात दोघींचे, तुझा आणि माझा. लिहायचं ते वरच्यांनी, त्या आत्म्यांनी, आपण नुसतं धरायचं. एका शुक्रवारी कागदावर जांभळ्या पेन्सिलीने एक वर्तुळ उमटलं, पिवळ्या पेन्सिलीने दुसरं, मध्ये वेटोळं. अर्थ तूच लावलास. माझ्या धाकट्या बहिणीकडे वळून म्हणालीस, "एब्बा, तुझं हे लग्न झालं तर यालमार वर्षभरात जाईल. वरच्यांचा शब्द आहे."

पोरीने यालमारला साखरपुड्याची अंगठी परत केली. त्याला कारणही सांगितलं नाही, कारण बैठकीतलं बाहेर बोलायचं नाही हा आपलाच नियम. दीड वर्षाने तू त्याच्याशी लग्न केलंस. तो काही मेला नाही.

पुढे तू तीन शुक्रवार तापाने पडलीस. बैठकीतल्या ओटिलियाने तुझ्या जागी हात ठेवला, तर वरच्यांची वेटोळी उजवीकडे वळायला लागली. तू बरी होऊन आलीस आणि पुन्हा डावीकडे. तू जन्माची डावरी; शाळेत मारून मारून तुला उजव्या हाताने लिहायला लावलं, पण लोकर तू आजही उलटीच गुंडाळतेस.

त्यानंतर मी कुणाच्या सांगण्यावरून काही काढलं नाही. बावीस चित्रांत मी तुलाच काढलंय, आणि तू हातात छडी घेऊन लोकांना ते दाखवत फिरलीस. मला फार बरं वाटायचं.

आता जे लिहायचं टाळत होते ते. पेन्सिल तू ढकलतेयस हे मला ते वेटोळं उमटलं त्याच शुक्रवारी कळलं होतं. हाताला कळतं गं. मी गप्प बसले. एब्बा सासरी गेली असती तर माझे रंग कोण घोटणार, घर कोण बघणार? तिने ते एकोणीस वर्षं केलं. नाताळाआधी ती गेली, त्या सकाळी मला म्हणाली, "यालमार धडधाकट आहे ना? मग माझं बरोबरच होतं." तेव्हाही मला खरं सांगवलं नाही. याची मला माफी नाही, आणि तुलाही मिळू देणार नाही.

गेल्या आठवड्यात मी यालमारला त्याच्या कचेरीच्या पत्त्यावर सगळं लिहिलं, माझ्या वाट्यासकट. काल त्याचं उत्तर आलं, तीनच ओळींचं. रविवारी तो पहिल्या रांगेत बसणार आहे. तोवर घरात याबद्दल चकार शब्द काढणार नाही म्हणतो. वेटोळ्याचा अर्थ त्याला तुझ्या तोंडून ऐकायचा आहे.

एब्बाची बहीण,
टेक्ला