पाणीपट्टी: सारखी की चढती

कोरीट
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. प्रमिलास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

फोनवर तुला आता काहीच ऐकू येत नाही आणि मी ओरडून दमतो, म्हणून पुन्हा पत्रावर आलो. भावजींना दुकानातून वेळ मिळतो का? तू दिवसभर काय करतेस?

तुझी वहिनी गेल्यापासून हे घर मला मोठं होतं. नोकरीची सगळी वर्षं लोणखेड्याच्या कॉलेजात काढली. निवृत्त होऊन गावी आलो, तर गावात मी पाहुणाच. लोक राम राम करतात आणि पुढे जातात. पोरगा म्हणून नवनीत बडोद्याहून रविवारी फोन करतो, जेवलात का विचारतो आणि ठेवतो.

सध्या मात्र एक बरं झालंय. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत नव्या नळांच्या पाणीपट्टीचा विषय निघाला. पंपाचं वीजबिल भरायचं तर पट्टी वाढणार, हे सगळ्यांना कबूल. वाद एवढाच, की ती दर घरी सारखी घ्यायची की जमिनीप्रमाणे चढती, म्हणजे मजुरांना कमी आणि मोठ्या खातेदारांना जास्त. अर्थशास्त्राचे सर म्हणून रतिलालने मला बोलायला उभं केलं. मी म्हणालो, नळ सगळ्यांचा एकाच जाडीचा, मग दाम वेगळा कसा? माझंच बघा. चौदा एकर बटाईने दिलेली, घरात माणूस एक, दिवसाला दोन बादल्या. चढती पट्टी लागली तर सगळ्यात कमी पाणी वापरणारा सगळ्यात जास्त भरणार. टाळ्या पडल्या. निर्णय मार्चच्या सभेवर गेला.

तेव्हापासून संध्याकाळी रतिलाल, भिकन आणि आणखी काही खातेदार माझ्या ओट्यावर येऊन बसतात. मी सतरंजी टाकतो, चहा करतो. काल भिकनने गवारीची भाजी आणली. प्रमिला, कितीतरी दिवसांनी या घरात दुसऱ्या माणसाचा खोकला ऐकला.

भावजींना नमस्कार. आठवण आली की दोन ओळी टाकत जा.

तुझा,
लोटनआप्पा

चिंचपाडा
१६ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आप्पांस,
प्रमिलाचा सा. न. वि. वि.

पत्र पोहोचलं. दिवसभर काय करते विचारलंत. जेवताना सगळे हसले की मीही हसते, थोडी उशिरा. आधी कोणीतरी कानाशी येऊन सांगायचं, आता नाही सांगत. त्यांचाही दोष नाही, किती वेळा सांगणार?

तुमच्या टाळ्यांचं वाचलं. आप्पा, लोणखेड्याला मी राहायला यायचे तेव्हा वहिनी भाजी निवडत बसायची आणि तुम्ही तिला उद्याचा धडा म्हणून दाखवायचात. ज्याला जास्त झेपतं त्याने जास्त भार उचलावा, तोच कराचा न्याय. वहिनी म्हणायची, मग पाण्याचा हंडा आजपासून तुम्ही आणा. आता तुम्हाला टोकायला ती नाही, म्हणून धडा फिरवलात का?

रागावू नका. दोन बादल्यांचं म्हणणं खोटं नाही. पण ते पटलं म्हणून बोललात, की ओट्यावर माणसं येतात म्हणून? तुमच्या मागच्या गल्लीतल्या शोभाबाईला विचारलंत का? नवरा गेल्यावर मजुरीवर सहा जणांचं घर ओढते, असं तुम्हीच मागे लिहिलं होतं.

पथ्य सांभाळा. बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
प्रमिला

कोरीट
२३ मार्च २०२५

चि. सौ. प्रमिलास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझ्या पत्राचा राग आला होता, म्हणून उत्तराला उशीर. राग उतरल्यावर शोभाबाईकडे गेलो. वाटलं होतं, ती चढत्या पट्टीच्या बाजूची असेल. तर म्हणाली, आमनी बी सारखीच ऱ्हाऊ द्या, आप्पा. ओढाताण करीन, पण भरीन. कमी भरलं तर उद्या नळावरून भांडण झाल्यावर कोणीही तोंडावर म्हणेल, तुमनं पाणी आमना पैसावर शे. मी निघालो तर तिची सून गल्लीच्या वळणापर्यंत मागे आली. हळूच म्हणाली, सासूबाई भरू म्हणतात, पण ज्या महिन्यात निंदणी नसते, कापणी नसते, त्या महिन्यात कुठून भरायचं? सारखी पट्टी झाली तर आम्ही परत हातपंपावर.

मागच्या आठवड्यातल्या ग्रामसभेत रतिलालनेच मला पुढे केलं. मी म्हणालो, माझं मागचं बोलणं अर्धं होतं. मी पाणी कमी वापरतो हे खरं, पण जास्त पट्टी भरल्याने माझ्या ताटातलं काही कमी होणार नाही. काही घरांत मात्र सारख्या पट्टीनेही ताटातलं कमी होईल. तेव्हा पट्टी जमिनीप्रमाणे चढती ठेवा. पण कोणी किती भरली हे फळ्यावर लिहू नका, सभेत वाचू नका. नुसतं भरली एवढंच लिहा. भिकनने विचारलं, मग हिशोब कोण बघणार? ते रास्तच होतं. तपासायला दोन माणसं नेमली. हात वर झाले, थोडक्या मतांनी ठराव पास झाला. शोभाबाईने हात कोणत्याच बाजूला वर केला नाही.

बाहेर पडताना रतिलाल म्हणाला, सर, तुम्ही गावचे कधी नव्हतातच. तेव्हापासून ओट्यावर कोणी आलेलं नाही. सतरंजी टाकतो, अंधार पडला की गुंडाळतो. शोभाबाई समोरून येत होती, मला बघून दुसऱ्या गल्लीत वळली. आभार नको होते मला. थांबली असती तर बरं वाटलं असतं.

तुझं बरोबर होतं. पण बरोबर असून संध्याकाळ जात नाही.

तब्येत जप.

तुझा,
लोटनआप्पा

चिंचपाडा
६ एप्रिल २०२५

ती. स्व. आप्पांस,
प्रमिलाचा सा. न. वि. वि.

तुम्हाला भरीला मीच घातलं. इथे बसून लिहायला मला काय लागतं? माणसं तुमची तुटली. रतिलालभाऊ परत येतील असं लिहून तुम्हाला धीर देणार होते, पण मला ते माहीत नाही. नाहीही यायचे. शोभाबाई येईल, पण तिला वेळ लागेल. आपली बाजू घेणाऱ्यासमोर उभं राहणं कधीकधी जड जातं.

तीस तारखेला अक्षय्य तृतीया, आपली अखाजी. वहिनी गेल्यापासून मी या सणाला माहेरी आले नाही. बोलवायला घरात बाईमाणूस नाही, तुम्हाला सुचलं नाही आणि मी आपण होऊन विचारलं नाही. आता विचारते. यंदा येऊ का? ह्यांनी हो म्हटलंय. मुराळी म्हणून भावाने घ्यायला यायचं असतं, पण प्रवास झेपत नसेल तर मी एकटी येईन.

उत्तर लवकर द्या, म्हणजे जीव थाऱ्यावर राहील.

तुमची,
प्रमिला

कोरीट
१३ एप्रिल २०२५

चि. सौ. प्रमिलास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

अठ्ठावीसला सकाळच्या पॅसेंजरने मी स्वतः येतोय. पिशवी भरून ठेव.

पुरणपोळीसाठी बाजारातून नवं खापर आणलंय. ते चुलीवर कसं तापवतात हे मला येत नाही, ते तुझ्याकडे. दारातल्या निंबाची एक फांदी अखाजीच्या झोक्यासाठी बघून ठेवली. दोर दोन वेळा टाकून पाहिला. एकाने टाकायचा आणि दुसऱ्याने पलीकडून धरायचा, तरच तो नीट बसतो. तो तसाच बुंध्याशी ठेवलाय.

तुझा,
लोटनआप्पा