अक्षता वाहिलेलं इंजिन

दादा,

माझ्या रिमोटच्या छोट्या विमानाचं फोर-स्ट्रोक इंजिन मी गणपतीपासून नव्यानं जोडत होते. वरचं हेड बसवायचं तेवढं राहिलं होतं. काल खंडेनवमीला तू त्या उघड्या सिलिंडरवर हळदकुंकू, अक्षता वाहिल्यास. तेवढ्यावर थांबला असतास तर मी पुसून घेतलं असतं.

पण कुर्डुवाडीहून पिंकीच्या घरचे तुला बघायला आले, आणि 'हे मीच बांधलंय' म्हणत तू तिच्या वडिलांसमोर इंजिनाचा पंखा गरगर फिरवलास. तांदळाची कणी आत ओढली गेली. नव्या पिस्टनला, सिलिंडरला ओरखडे पडलेत. मी शेजारीच चहाचा ट्रे धरून उभी होते. आई डोळे वटारत होती, म्हणून कप वाटत राहिले.

मी नातेपुत्याला मावशीकडं चाललेय. आईनं विचारलं तर कारण तूच सांग.

आज तू नव्या गाडीवरून पिंकीच्या घरी सोनं द्यायला जाणार आहेस ना. म्हणून सकाळीच तुझ्या गाडीची पूजा मी उरकलीय. तुझ्यासारखीच, टाकीचं झाकण उघडून. बंद पडली तर तिच्या वडिलांसमोर खोलून नीट कर. इंजिनं तूच बांधतोस की.

भार्गवी