अकराचा नळ

रत्नागिरी,
१९ मे २०२५

प्रिय संध्यास,

आईबाबांना नमस्कार सांग. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. सावर्ड्यातही उकाडा असेलच. मी बरा आहे. आमटी रोज खारट होते, पण खातो. रातांबे पिकून पडलेत, तुझ्याशिवाय कोकमाचं आगळ कोण करणार? बघ, परत तेच.

पाणी अजून अकरालाच येतं. पहिला हंडा उचलला नि कंबर धरली माझी. बारा वर्षं तू भरतेस, आणि आळीच्या पाणी समितीत बसतो मी!

तिथली बाईसाठी राखीव जागा तुझ्या नावावर. तू म्हणालीस, "मी येते ना बैठकीला." मी म्हटलं, "पुरुषांत काय करणार तू?" निदान नळ सहाला मागा, साडेसातला बायका मासे विकायला निघतात, असं बजावलं होतंस. मी तिथे तोंड उघडलं नाही. वरच्या बंगल्यांच्या टाक्या आधी, आपला नळ अकराला, असं ठरलं. कुणीतरी विचारलं, "वहिनी काही बोलायच्या नाहीत ना?" मी हसून म्हटलं, "तिला काय कळतंय त्यातलं!" आणि तुझ्या नावाची सही ठोकली. "विनोदशेठ, बसा" म्हणतात गो तिथे, त्यातच फुगलो.

समितीचा तो कागद पाहिलास नि तू बॅग भरलीस. पण एक गोष्ट तुला अजून ठाऊक नाही. आदल्या दिवशी आनंदीबाई नळावर तुझ्यावर ओरडली, "सही तूच केलीस ना गो मेल्ये, आता बाजार सोडून पाण्याला येऊ?", तेव्हा मी घरातच होतो. खिडकीच्या आड. "मी नाही केली," तू म्हणालीस, सगळ्या हसल्या. मी पडदा ओढून घेतला.

लाज वाटते, संध्या. जेवताना पण वाटते.

काल आनंदीबाईच्या घरी जाऊन खरं सांगितलं. ती म्हणाली, "मेल्या, माझ्या कानात कशाला सांगतोस? तिला मी चारचौघींत बोलले. तू पण तिथंच बोल."

आज अकराला बोललो, सगळ्यांसमोर. मला रांगेत शेवटी उभं केलं, माझी पाळी येईतो पाणी गेलं.

ती सही माझी, असं समितीला लिहून दिलंय. रविवारी चारला बैठक आहे, नळाच्या वेळेवरच. ये म्हणायला मला तोंड नाही. पण बोलावणं तुझ्या नावाने आलंय. ते न फोडता सोबत पाठवतोय.

तुझा म्हणवून घ्यायला शरमलेला,
विनोद